डी.एल.एड. इंटर्नशिपचा पहिला आठवडा : तिसरी-चौथीचा वर्ग, कापसाचे दिवस आणि वजाबाकी

अंजनीकाठची :

नमस्कार मंडळी. मी डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षकाची पदविका) दुसऱ्या वर्षाला आहे, इंटर्नशिपला एरंडोल तालुक्यातली जिल्हा परिषद शाळा मिळालीय. पहिला आठवडा काल संपला, डोक्यात इतकं साठलंय की कुठंतरी लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही, आणि इथं बरेच आजी-माजी शिक्षक आहेत म्हणून इथंच लिहितेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

शाळा पहिली ते चौथी, शिक्षक दोन. पहिली-दुसरी एका खोलीत सर घेतात, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत मॅडम. आरटीईप्रमाणे (शिक्षण हक्क कायदा) साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक, म्हणजे कागदोपत्री काहीच कमी नाही, पण चार इयत्ता आणि माणसं दोन म्हटल्यावर एक वर्ग कायम शुद्धलेखनाला बसवलेला असतो. त्यात हे दिवस कापसाचे. वेचणीला मजूर मिळत नाही, घरात मोठं माणूस थांबत नाही, मग चौथीतली पोरगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी आणि तिसरीतला पोऱ्या सकाळी परिपाठाला हजर, खिचडी खाल्ली की वावरात. कोणाला दोष द्यायचा? घराचं वर्षाचं गणितच त्या दोन महिन्यांवर असतं.

मी टाचणं (पाठांचे लेखी आराखडे) काढून नेली होती, तक्ते, काड्यांचे गठ्ठे सगळं तयार. मॅडम म्हणाल्या, ते राहू दे कपाटात, आधी मागच्या बस्करावर बस आणि पोरांच्या पाट्या बघ, उत्तर चुकलं तर लगेच खोडून बरोबर लिहून देऊ नको, ते कसं आलं ते विचार. एवढंच काम. मला वाटतं अख्ख्या कोर्समध्ये इतकं कामाचं कोणी सांगितलं नव्हतं.

तर झालं असं. तिसरीतला एक मुलगा, पाटीवर ५२ वजा २७, उत्तर लिहिलं ३५. शेजारच्याचंही ३५. म्हटलं कसं केलं सांग बरं. तो बोट ठेवून सांगतो, सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे वर काय खाली काय त्याला फरकच नाही, मोठ्यातून लहान काढायचं एवढा एक नियम त्यानं मनाशी पक्का केलाय आणि तो सगळीकडे प्रामाणिकपणे लावतोय! पुढची सगळी गणितं तशीच, एकही इकडचं तिकडं नाही. याला 'पोराला वजाबाकी येत नाही' म्हणणं मला पटत नाही, त्याला एक वेगळी वजाबाकी येते, आणि ती त्याला नीट येते.

मग पाटी बाजूला ठेवायला लावली आणि विचारलं, तुझ्याकडे ५२ रुपये आहेत, दुकानातून २७ चं सामान घेतलं, किती उरतील. एक क्षण थांबला नाही. "सत्तावीसमा तीन टाका का तीस, मंग वीस टाका का पन्नास, वर दोन, झायात पंचवीस." मी पाटी दाखवून म्हटलं, इथं तर ३५ आहेत. तर म्हणाला, ते शाळेतलं आहे. अगदी सहज म्हणाला, जणू दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबरच आहेत.

दुसरी एक मुलगी, चौथीतली, आठवड्यातनं निम्मे दिवस गैरहजर. तिच्याशी बोलता बोलता कळलं की आईच्या वेचणीचा हिशोब तीच ठेवते. आईचे ३८ किलो झाले, किलोला दहा, म्हणजे ३८०, त्यातून आधी ९५ ची उधारी होती. किती राहिले? "शंभर काढी लिधात, पाच परत दिधात," म्हणजे २८५. हेच ३८० वजा ९५ पाटीवर उभं मांडून दिलं तर तिनं ३१५ लिहिलं. शून्यातून पाच जात नाहीत म्हणून पाचातून शून्य, आठातून नऊ जात नाहीत म्हणून नवातून आठ. तोच नियम.

शंभर काढून पाच परत देणं हे तिला कोणी शिकवलं नाही. त्या मुलाचं तिसापर्यंत, मग पन्नासापर्यंत चढत जाणंही कोणी शिकवलं नाही. हे दोघंही माझ्या टाचणात 'अप्रगत' या रकान्यात गेले असते, आणि मी त्यांना पहिल्यापासून एकक-दशक शिकवत बसले असते, जे त्यांना माझ्याइतकंच कळतं, फक्त ते कळणं आणि उभी मांडणी यांची गाठ कधी पडलेली नाही.

माझं म्हणणं असं आहे की छात्राध्यापकाला पहिला आठवडा पाठ घ्यायलाच लावू नये. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन या पाठाच्या पायऱ्या, हे सगळं वर्गात उभं राहून आपण बोलणार त्याबद्दल आहे. समोरचं पोरगं आत्ता काय विचार करतंय हे बघायला त्यात जागाच नाही. आणि ते बघता आलं नाही तर मग कितीही सुंदर तक्ता लावा.

आता प्रश्न. पुढच्या आठवड्यात माझ्या पाठाचं निरीक्षण आहे, मला वजाबाकीचाच पाठ घ्यायचाय. तोंडी हिशोबापासून उभ्या मांडणीपर्यंत कसं आणायचं? कोणी केलं असेल तर सांगा.

सातपुडा_वारा :

ताई, मी शहाद्याच्या बाजूला इंटर्नशिप करतोय, सेम टू सेम. फक्त आमच्याकडे कापसाच्या जोडीला ऊसतोडीचंही आहे, दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं गुजरातमध्ये जातात आणि पोरं सोबत. काल पाटीवर बघितलेलं पोरगं आज नाहीच.
पण एक सांगतो, तुमच्या मॅडम चांगल्या आहेत म्हणून झालं. आम्हाला आल्या दिवशी सांगितलं की रोजचे पाठ पूर्ण झाले पाहिजेत, वहीवर सही पाहिजे. निरीक्षक येतात, फलकलेखन बघतात, साहित्य बघतात, पोरं हो म्हणतात का बघतात. मागच्या बस्करावर बसून पाट्या बघणं कुठल्या रकान्यात लिहायचं सांगा बरं?

गुरुजी_धडगाव :

भारी लिखं बहीन, माले आवडनं.

मी आता रिटायर आहे, नोकरीची बरीच वर्षं अक्राणी तालुक्यात काढली. तिथं पोरं घरी पावरी बोलणारी, पुस्तक मराठी, आणि मी अहिराणी मुलखातला. सुरुवातीला तीन भाषांत सगळ्यांचीच ओढाताण. पण हिशोबात पोरं पक्की. मोहाची फुलं वेचायची, वाळवायची, व्यापाऱ्याला मापानं द्यायची, यात पोरं आईच्या बरोबरीनं असायची आणि व्यापाऱ्याचं माप त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे. पैशानं सुरुवात कर पण पैशावर थांबू नको. दहाच्या आणि एकच्या खोट्या नोटा कर, जाड कागदाच्या. पोराच्या हातात पाच दहाच्या आणि दोन एकच्या दे. दुकानदार दुसरं पोरगं. सत्तावीस दे म्हण. दोन दहाच्या देईल, मग सात सुटे मागितले की हातात दोनच आहेत. तू गप्प बस. पोरगं स्वतः म्हणेल दहाची मोडून द्या. मोडू दे. आता त्याच्याकडे किती नोटा आहेत ते त्याच्याकडून मोजून घे. पण महत्त्वाचं पुढं आहे. नोट मोडली की त्याच क्षणी पाटीवर लिहायचं, हातातली प्रत्येक हालचाल पाटीवर. उभ्या मांडणीत पाचावर काट मारून चार का होतात आणि दोनाचे बारा का होतात, ते त्याच्या हातात दिसलं पाहिजे. आधी सगळा खेळ खेळून घेतला आणि नंतर फळ्यावर वेगळी वजाबाकी शिकवली तर ते दोन वेगळे विषयच राहतात. मी असे पाठ खूप बघितलेत, पोरं नोटांशी मस्त खेळतात आणि पाटीवर परत ३५.

एक अजून. त्याला आधी देताना दोन दहाच्या आधी द्यायच्या वाटतील, डावीकडून. देऊ दे. घरी सगळे डावीकडूनच देतात. उजवीकडून सुरुवात कशासाठी, ते दोन-चार वेळा मोडामोड करून खाडाखोड झाली की त्यालाच सोयीचं वाटायला लागतं.

पांझरा_मास्तरीण :

मी अध्यापक विद्यालयात शिकवते, त्यामुळे पाठाच्या पायऱ्यांच्या बाजूने थोडं बोलते, राग मानू नये.

अंजनीकाठची, तुझं निरीक्षण उत्तम आहे, पण पायऱ्यांत पोराच्या विचाराला जागा नाही हे पटलं नाही. पूर्वज्ञान तपासणं ही जी पहिली गोष्ट आपण टाचणात लिहितो ती नेमकी हीच आहे. अडचण अशी की सगळे तिथं 'विद्यार्थ्यांना दोन अंकी संख्या येतात' असं एक वाक्य लिहून पुढं जातात. तू जे केलंस ते पूर्वज्ञान तपासणं, फक्त खरोखरचं. ते टाचणात तसंच लिही, दोन पोरांच्या चुकांसकट, ५२-२७=३५ असं. मी निरीक्षक असेन तर त्याला भरपूर मार्क देईन. सातपुडा_वारा, तुझं उत्तरही यातच आहे, तोच रकाना.

दुसरी गोष्ट. तू जे बघितलंस त्यावर मोठं काम झालेलं आहे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. बाजारात अवघड व्यवहार मनातल्या मनात बरोबर करणारी मुलं, तेवढंच गणित शाळेच्या पद्धतीनं कागदावर दिलं की अडत होती. आणि उलटंही दिसलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुलं कागदावरची साधी गणितं करत होती पण बाजारातला व्यवहार सांगितला की अडखळत होती. ब्राझीलमध्ये १९८० च्या दशकात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांबाबतही असंच दिसलं होतं. तेव्हा तुझ्या वर्गातल्या ज्या पोरांची उभी वजाबाकी बरोबर येतेय, त्यांनाही ५२ रुपयांचा प्रश्न विचारून बघ. नुसतं अप्रगत ठरलेल्यांकडेच बघू नको.

अंजनीकाठची :

मॅडम, राग कशाचा, हे तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! उद्याच विचारते. आणि टाचणात चुकांसकट लिहायचं हे भारीच.

गुरुजी, पाटीवर त्याच क्षणी लिहायचं हे मी अधोरेखित करून ठेवलंय.

कपाशीवाला_पारोळा :

मी शिक्षक नाही, शेतकरी. धागा वाचून राहवलं नाही.

तुम्ही सगळे तोंडी हिशोबाचं कौतुक करून राहिले ते बरोबर आहे, पण आमच्याकडची गोष्ट सांगतो. वेचणीचा पैसा रोज हातात पडत नाही. रोज संध्याकाळी वजन होतं, वहीत लिहिलं जातं, आणि पैसे बाजाराच्या दिवशी. आठवड्यात पाच-सहा वजनं, मध्ये कोणी उचल घेतलेली, कोणाला किराणा दिलेला, एखाद्या दिवशी अर्धाच दिवस आलेली. हे सगळं मनात राहत नाही भो, कोणाच्याच नाही, मजुराच्याही नाही आणि माझ्याही नाही. मग ज्याच्या हातात वही त्याचं खरं. बायका म्हणतात आमचे जास्त झाले होते, पण वहीत वाचता येत नाही आणि बेरीज-वजाबाकी तपासता येत नाही, मग गप्प बसतात. मी स्वतः हिशोब सगळ्यांसमोर वाचून दाखवतो, पण सगळीकडे तसं होत नाही.

म्हणून त्या पोरीला लिहून शिकवाच. ती घरचा हिशोब ठेवते म्हणता ना, तिला वही द्या आणि आईची रोजची वजनं लिहायला सांगा.

अंजनीकाठची :

दादा, हे मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नसतं. खरं सांगते, उभी वजाबाकी कशाला शिकायची याचं मी पोरांना देण्यासारखं उत्तर शोधतच होते, 'पुढच्या वर्गात लागते' हे उत्तर त्यांना आणि मला दोघांनाही पुरत नाही. आठवड्याच्या हिशोबाचं उत्तर पुरतं.

एकच वाटतं, घरच्या पैशांचे आकडे वर्गात सगळ्यांसमोर नको. कोणाची उचल किती हे पोरांमध्ये चघळलं जाईल. पाठासाठी बनावट वही करते, आकडे माझे, मांडणी खरी.

लेवा_माय :

हे मात्र लाख बोललीस. माझ्या पोरीच्या वर्गात एकदा 'घरचा महिन्याचा खर्च लिहून आणा' असा गृहपाठ दिला होता, पोरगी रात्री विचारते आपण कर्ज काबरं घेतलं. बनावटच बरं.

मला वेगळं विचारायचंय, संख्यांच्या नावांचं. माझी धाकटी दुसरीत, भुसावळला. सत्तावीस म्हटलं की आधी सात लिहिते मग डावीकडे दोन. आकडा बरोबर येतो पण घाईत ७२ होतो. मग वजाबाकीचा प्रश्नच वेगळा. यावर काय करता?

गुरुजी_धडगाव :

लेवा_माय, हे बहुतेक पोरांचं होतं. आपण बोलताना एकक आधी म्हणतो आणि लिहिताना दशक आधी. आठवत असेल तर २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' अशी जोडीची पद्धत दिली होती, केवढा गदारोळ झाला होता, विधानसभेत चेष्टा झाली. मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख होत्या, त्यांनी सांगितलं होतं की जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही दिलीत, जोडाक्षरं आणि उलटा क्रम यानं पोरं अडतात म्हणून. माझं मत विचाराल तर ती पद्धत वर्गात फार उपयोगी पडते. घरीही करा. 'सत्तावीस, वीस आणि सात' असं दोन्ही म्हणा, आणि लिहिताना दहाच्या दोन नोटा डावीकडे ठेवून. नावं जुनीच राहू द्या, ती तर पोरं घरात ऐकतातच.

सातपुडा_वारा :

मी आजच एक करून बघितलं. वर्गातल्या हुशार म्हणवणाऱ्या मुलीला तोंडी विचारलं, शंभराची नोट आहे, ३७ चं सामान घेतलं, किती परत येतील. तिनं पाटी मागितली. उभं मांडलं, शून्यावर काट, शून्यावर काट, सगळं छान करून ६३ आणलं. पाटी नको, अंदाजानं सांग, पन्नासच्या वर येतील की खाली, असं विचारलं तर गप्प. मास्तरीण मॅडम म्हणत होत्या ते डोळ्यांनी बघितलं. आता तिला आणि उसाच्या घरचा एक मुलगा आहे त्याला जोडीनं बसवलंय. तो सांगतो, ती लिहिते. दोघांचं भांडण होतं उत्तर वेगळं आलं की, पण भांडण चांगलंय.

पांझरा_मास्तरीण :

जोडी उत्तम. फक्त दोन दिवसांनी भूमिका बदल, नाहीतर तो कायम सांगणारा आणि ती कायम लिहिणारी होऊन बसेल, आणि मुळात कागद त्यालाच हवाय.

अंजनीकाठची :

अपडेट देते. निरीक्षण झालं.

मॅडमनी दिलेल्या मुलांनाच घेऊन बसले, बाकीचे दुसऱ्या कामात होते. खोट्या नोटा केल्या, दुकान मांडलं, फळ्यावर वेचणीची बनावट वही. पहिल्यांदा ५२-२७. दहाची मोडली तेव्हाच पाटीवर पाचाला काट. तो मुलगा तिथं थांबला आणि त्यानं आपलं जुनं ३५ शेजारी लिहून बघितलं, मग म्हणाला, ३५ उरले तर दुकानदारानं आठ-दहा रुपये जास्तच दिले ना. आणि स्वतःच खोडलं. कोणी सांगितलं नाही. यापुढे प्रत्येक गणिताला आधी तोंडी उत्तर कोपऱ्यात लिहायचं आणि मग उभं मांडायचं, दोन्ही जुळलं नाही तर शोधायचं कुठं बिघडलं, असं ठरवलंय.

मग २०५ वजा ६८ दिलं. हे अवघड, कारण मध्ये शून्य, दहाची एकही नोट नाही. सगळे अडले. चौथीतली ती मुलगी त्या दिवशी आली होती, तिनं शंभराची नोट दहाच्या दहा नोटांत मोडली आणि मग त्यातली एक परत सुट्यात. पाटीवर शून्याच्या जागी दहा, मग दहावर काट मारून नऊ, सुटे पंधरा. उत्तर १३७. हे नऊ कुठून येतात ते मी शाळेत असताना मला कोणी दाखवलं नव्हतं, नुसतं 'शून्याचे नऊ होतात' असं पाठ होतं.

वेळ मात्र फार गेला. पस्तीस मिनिटांच्या पाठात मूल्यमापनापर्यंत पोचलेच नाही, गृहपाठ सांगायचा राहिला. निरीक्षक मॅडमनी तसा शेराही लिहिला, पण खाली पूर्वज्ञानाच्या रकान्यावर टिक करून 'असेच लिहावे' असं लिहिलंय.

कपाशीवाला_पारोळा :

ताई, ती पोरगी रोज यायला लागली का?

अंजनीकाठची :

नाही दादा. अजून वेचणी संपलेली नाही, फरदड (हंगामानंतरही तीच कपाशी) ठेवली तर अजून लांबेल. मॅडम आणि मी घरी जाऊन आलो. आई म्हणाली धाकट्याला कोण बघेल. मग मॅडम धाकट्याला गावातल्या अंगणवाडीत घालायचं बोलून आल्यात, तो तीन वर्षांचा झालाय, तिथं त्याला खाऊही मिळेल. निदान अंगणवाडी सुटेपर्यंतचे तास तरी ती शाळेत येईल. म्हणून गणित आता सकाळच्या पहिल्या तासाला घेतो, आधी दुपारी होतं.

गुरुजी_धडगाव :

हे सगळ्यात चांगलं केलं. तास बदलायला परवानगी लागत नाही आणि फरक मोठा पडतो. शंभराच्या नोटा जाड पुठ्ठ्याच्या कर, दहाच्यापेक्षा मोठ्या आकाराच्या, आणि दर मुलाला वेगळं पाकीट दे. नाहीतर पहिल्याच दिवशी निम्म्या हरवतात.